तिसरा वाटसरू

"हे काय आहे?" मी विचारलं.

खरमाटे टेबलापलीकडे हात मागे बांधून उभा होता. टेबलावर चिपळूणहून आलेलं पोस्टकार्ड होतं. निळ्या शाईत, बारीक नेटक्या अक्षरात एकच ओळ: 'नदी उलटी वाहिली आणि गरीब झाली. (२)'. खाली सही, 'वाटसरू क्र. ४१'. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं रेहाना परकार.

"कोडं आहे, भाऊसाहेब."

"कसलं कोडं?"

"शब्दाचं. नदी उलटी वाचा."

मी मनात वाचली. "दी... न."

"दीन. दीन म्हणजे गरीब. अक्षरं दोन, म्हणून कंसात दोनचा आकडा. झालं."

"आणि नदी उलटी कशाला वाहील?"

"धूम्रनगरात उलटीच वाहते," तो म्हणाला, जणू मी सांगलीचा पूल कुठे आहे असं विचारलं होतं. "समुद्रातून निघते आणि डोंगराला मिळते. आपल्या वाचनालयात पुस्तकं आहेत, भाऊसाहेब. नऊपैकी चार आहेत."

मी कार्डावर 'तपासले'चा शिक्का मारला आणि त्याला दिलं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी एका जिल्ह्याच्या कारागृहात कनिष्ठ लिपिक होतो. पत्रतपासणी माझ्याकडे होती. बंद्यांना येणारी आणि त्यांच्याकडून जाणारी सगळी पत्रं वाचायची, आक्षेपार्ह काही नसेल तर शिक्का मारायचा, असेल तर रोखायचं. सहा वर्षं मी तेच करत होतो. पत्रांत तेच ते असायचं: आई गेली. वाटणी झाली. बायको माहेरी गेली ती आली नाही. धाकट्याला फिट्स येतात. पहिल्या वर्षी मला दुपारचा डबा जायचा नाही. दुसऱ्या वर्षी जायला लागला. पुढे पुढे घरी बायको काही सांगायला लागली, तरी मी मजकुरात आक्षेपार्ह काही आहे का एवढंच ऐकायचो आणि मान हलवायचो. तिला ते कळत होतं. ती सांगायची थांबली.

मुरलीधर खरमाटे जन्मठेपेचा बंदी. वय पंचेचाळीसच्या आसपास, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी भांडण झालं आणि त्याच्या हातून तो भाऊ गेला. त्यानं कधी नाकारलं नाही. त्याआधी तो छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाची अक्षरं उलटी असतात, ती रोज आठ तास उलटी वाचून वाचून त्याला कुठलाही शब्द मागून दिसायचा. आत आल्यावर त्याला वाचनालयाचं काम दिलं होतं.

ती पुस्तकं मी नेली. का नेली ते सांगता येणार नाही. कार्डं तपासायची तर संदर्भ माहीत हवा, असं मी स्वतःला सांगितलं. नऊ भागांची कादंबरी, लेखकाचं नुसतं टोपणनाव. धूम्रनगर नावाचं एक शहर, त्याला सात वेशी. प्रत्येक वेशीवरचा द्वारपाल वाटसरूला शब्दाचं कूट घालतो, उत्तर आलं तर आत सोडतो. नवव्या भागात नायक सातव्या वेशीपाशी पोचतो आणि तिथं लेखक लिहायचा थांबला. दहावा भाग आलाच नाही. कुठल्याशा मासिकानं वाचकांचे पत्ते छापले, तेव्हा लोक एकमेकांना कार्डावर स्वतःच रचलेली कूटं पाठवायला लागले. स्वतःला वाटसरू म्हणवून घ्यायचे, आपापले क्रमांक लावायचे. दोनशेएक होते म्हणे. हळूहळू सगळे गळले. चिपळूणच्या एका खाजगी शाळेत शिकवणारी ही क्रमांक एक्केचाळीस आणि आमचा खरमाटे, क्रमांक एकशे बारा, एवढे राहिले. तो कुठे आहे हे तिला माहीत होतं. कार्डावर आमचा शिक्काच असायचा. तिनं त्याबद्दल कधी एक शब्द लिहिला नाही.

वाचनालयातले चार भाग संपले तेव्हा मी बाकीचे पाच गावातल्या लायब्ररीतून आणले.

कार्डं येत होती, जात होती. 'राजाचं म्हातारपण उलटलं, आणि सत्ता परत आली. (२)' मी ते सायकलवर घरी जाताना सोडवलं. म्हातारपण म्हणजे जरा. उलटं केलं की राज. मी चौकात थांबलो. मागून कुणीतरी घंटी वाजवली. मला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटतंय हे कळायला थोडा वेळ लागला. त्या कार्डांत कुणी मेलेलं नसायचं. कुणी आजारी नसायचं, कुणी कुणाची वाट बघत नसायचं. उत्तर एकच असायचं आणि ते सापडायचं.

मग एका शनिवारी मी ते केलं. खरमाट्याचं चिपळूणला जाणारं कार्ड माझ्या टेबलावर होतं. कूट लिहून बाजूला बोटभर समास उरला होता. तीन दिवस माझ्या डोक्यात एक शब्द घोळत होता. मी पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं: 'कडा उलटला की घरी पोचते. (२)'. मग शिक्का मारला आणि कार्ड पोस्टाच्या पिशवीत टाकलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. खरमाट्याच्या कूटाचं उत्तर, तिचं नवं कूट, आणि खाली: 'समासातल्या पेन्सिलीचं उत्तर: डाक. तिसरा वाटसरू कोण? त्यांना सलाम.'

ते कार्ड द्यायला मी स्वतः वाचनालयात गेलो. एरवी शिपाई नेऊन द्यायचा. खरमाट्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि माझ्याकडे न बघता पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायला लागला.

"कडा चांगला आहे, भाऊसाहेब."

"कुठला कडा?"

"पण 'पोचते' नको होतं. 'पोचते' म्हटलं की स्त्रीलिंगी वस्तू आहे हे उघड होतं. थोडं झाकायचं."

"मग काय लिहायचं?"

"'घरी येणं होतं' म्हणा. लिंग कळत नाही." त्यानं पुठ्ठ्यावर हात फिरवला. "क्रमांक एकशे तेरा घ्या. मोकळा आहे."

त्यानंतर चार महिन्यांत मी आणखी पाच कूटं लिहिली. सगळी समासात, सगळी पेन्सिलीनं. आम्ही त्याबद्दल फारसं बोललो नाही. तो बंदी होता, मी लिपिक होतो. कधी माझं कूट फसलं असेल, तर तो पुस्तकं मोजताना म्हणायचा, "कालचं सैल होतं." एवढंच. त्याच सुमारास त्याची पहिली फर्लो मंजूर झाली. चौदा दिवसांची रजा. आईकडे जाणार होता. तारीख दोन महिन्यांवर होती.

एका सोमवारी सकाळच्या गिनतीत एक माणूस कमी भरला. चोरीच्या खटल्यातला न्यायाधीन बंदी होता. भिंत उतरल्याची खूण नाही, कुलूप तुटलेलं नाही. दिवसभर झडती चालली. संध्याकाळी खरमाट्याच्या वळकटीत शनिवारी दिलेलं कार्ड सापडलं. त्यावर माझा शिक्का होता आणि मजकूर होता: 'परवा नाही म्हटलं, तरच सातव्या वेशीतून सोडतात. (४)'.

शनिवारपासून परवा म्हणजे सोमवार.

बुधवारी पोलीस चिपळूणला गेले आणि रेहाना परकारच्या घरून त्याच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. शुक्रवारी जेलर गायगोळ्यांनी मला बोलावलं.

गायगोळे वाईट माणूस नव्हते. हाताखालच्यांची पोरं पास झाली की पेढे मागायचे. त्या दिवशी त्यांनी दाढी केलेली नव्हती.

"हिरवे, हा शिक्का तुझा?"

"हो, साहेब."

"काय वाचून मारलास?"

"कोडी असतात, साहेब. वाचनालयातल्या पुस्तकावरची. आक्षेपार्ह वाटलं नाही."

"बस तिथं."

खरमाट्याला आणलं. तो उभा राहिला. गायगोळ्यांनी कार्ड पुढे सरकवलं.

"परवा कोण सुटणार होतं?"

"कुणी नाही, साहेब. त्याचं उत्तर परवाना."

"काय?"

"परवा, आणि नाही म्हणजे ना. परवा अधिक ना. परवाना. तो असला तरच वेशीतून सोडतात. चार अक्षरं."

गायगोळ्यांनी बोटांवर मोजलं. मग खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं संपलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं होतं.

"हुशार आहेस. बरं, हे मान्य." त्यांनी गठ्ठ्यातून दुसरं कार्ड काढलं. "आता हे सांग. 'कडा उलटला की घरी पोचते.' हे शाईत नाही. तुझं अक्षर नाही. असली सहा कार्डं आहेत." मग वळकटीत सापडलेलं तिचं एक जुनं कार्ड उचललं. "आणि ती बाई विचारते, तिसरा कोण. कोड्याचं मला देणंघेणं नाही, खरमाटे. कोडी घाला नाहीतर भारूड लिहा. तुझ्या हातातून कार्ड सुटल्यावर आणि पोस्टात पडायच्या आधी त्यावर कुणीतरी लिहितोय. तो आतला माणूस आहे. तो कोण?"

खोलीत पंखा चालू होता. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. शनिवारी सुट्टीचा लाल आकडा होता.

गायगोळे थांबले.

"वरून रोज फोन येतोय. मला नाव हवं."

"मीच, साहेब," खरमाटे म्हणाला.

"तूच काय?"

"तिसरा. गंमत म्हणून. डाव्या हातानं लिहिलं. खिळे जुळवणाऱ्याचे दोन्ही हात चालतात, साहेब."

"पेन्सिल कुठली?"

"वाचनालयातली. नोंदीची."

गायगोळ्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्या पुढे टाकली. "लिही. हेच वाक्य."

तो वाकला. डाव्या हातात पेन्सिल धरली आणि सावकाश लिहायला लागला. मी बघत होतो. माझ्या 'क'चा मधला दांडा जरा लांब येतो, तो त्यानं लांब काढला. माझी शिरोरेघ 'घरी'वर तुटते, ती त्यानं तोडली. तो माणूस आयुष्यभर अक्षरं बघत आला होता. वाक्य पूर्ण झालं तेव्हा कागदावर माझं अक्षर होतं, थोडं कापरं.

गायगोळ्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"हिरवे, तू शिक्का मारलास तेव्हा ही पेन्सिल कार्डावर होती?"

"होती, साहेब."

"मग तुला दोन अक्षरं दिसली नाहीत?"

"एकाच हाताचं वाटलं, साहेब."

"तुला यातलं काही कळतं का?"

"नाही, साहेब."

खरमाटे समोर बघत होता, माझ्याकडे नाही. त्याला नेलं. गायगोळ्यांनी चहा मागवला, मला पण दिला. मी प्यायलो.

त्याला विभक्त कोठडी लागली. शिक्षेत मिळालेली सहा महिन्यांची माफी कापली. फर्लो रद्द झाली. वाचनालय काढून घेतलं. पत्रव्यवहाराच्या आदेशावर गायगोळ्यांनी स्वतः लिहिलं होतं, 'पत्र तपासनिसाने निर्णय घ्यावा'. मला तोंडी म्हणाले, "तू बघ. घातक काही नसेल तर देत जा. माणूस आहे शेवटी."

पळालेला अठराव्या दिवशी मेहुणीच्या घरी सापडला. पाण्याच्या टँकरखाली बसून तो बाहेर गेला होता. कार्डांचा, कोड्यांचा, खरमाट्याचा त्याला पत्ताही नव्हता. त्याचा जबाब मी टंकलिखित केला, दोन कार्बन प्रती घालून. गायगोळ्यांनी वाचला, सही केली. "खरमाट्याचं वरती गेलंय आता," ते म्हणाले. "मागं कोण घेतो." जबाब त्याच्या फायलीत लागला. खरमाट्याची फाइल वेगळी होती.

चिपळूणहून दीड महिन्यात तीन कार्डं आली. मी ती वाचली, 'रोखले'चा शिक्का मारला आणि फायलीत लावली.

कोठड्यांच्या बाजूला माझं काम नसायचं. पण आठवड्यातून एकदा हजेरीपत्रकावर सही घ्यायला जावं लागायचं. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात त्यानं गजातून विचारलं.

"भाऊसाहेब, काही आलं का माझं?"

"नाही."

"बरं."

पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. मी सही घ्यायचो, तो सही करायचा. उजव्या हातानं. तिसऱ्या महिन्यात त्याला विदर्भातल्या एका कारागृहात हलवलं. जाताना त्याचं सामान मोजलं, एक घोंगडी, एक ताट, एक वाटी. कार्डं जप्तीत होती.

माझ्या आयुष्यात पुढे काही विशेष घडलं नाही. बढती मिळाली, बदल्या झाल्या. जुन्या फायली नियमाप्रमाणे नष्ट होतात, त्या झाल्या. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन विट्याला घर बांधलं. बायको आणि मी एका घरात नीट राहतो. मुलगी शिकली. त्या चौकशीनंतर एकोणीस वर्षांनी तिचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापायला मी बाजारपेठेतल्या एका छापखान्यात गेलो.

मालक तरुण होता. कॉम्प्युटरवर मजकूर बसवून त्यानं कागद काढला आणि हाक मारली, "काका, एवढं बघा."

कोपऱ्यात खिडकीशी एक म्हातारा बसला होता. जाड चष्मा, कानाला लावलेली लाल पेन्सिल. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. ओळीवरून बोट फिरवत गेला, शेवटापासून सुरुवातीकडे. 'शुभाशिर्वाद'पाशी थांबला आणि 'शि' दीर्घ केला. मग वर मुलीच्या बापाच्या नावापाशी बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. त्यानं मान वर केली.

"भाऊसाहेब," तो म्हणाला. "बसा की."

मी बसलो. मालकाला दुसरं गिऱ्हाईक होतं.

"तुम्ही इथं?" मी म्हणालो. तोपर्यंत मी त्याला कधी तुम्ही म्हणालो नव्हतो.

"सहा वर्षं झाली. खिळे गेले, पण चुका आहेतच. लेक इथं देऊन टाकलीय, तिच्याकडे असतो." त्यानं पत्रिकेचा कागद घडी न पडेल असा बाजूला ठेवला. "मुलगी काय करते?"

"बँकेत आहे."

"चांगलं झालं."

"कधी सुटलात?"

"दोन हजार सहाला. त्या ठपक्यामुळं सुटकेचा कागद अडला, तीन वर्षं जास्त गेली. तोवर आई नव्हती." हे त्यानं पत्ता सांगावा तसं सांगितलं. चहा आला. आम्ही घेतला. मला उठायचं होतं. उठलो असतो तर चाललंही असतं, तो काही मागत नव्हता. पण मी विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही मीच असं का म्हणालात?"

"कुठल्या दिवशी?"

"गायगोळ्यांपुढं."

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुमच्यासाठी नव्हतं ते. तुम्हाला तसं वाटलं असंल तर सांगून टाकतो. तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही घरी गेला असता. तुमच्या जागी दुसरा कुणी आला असता आणि त्यानं सगळीच कार्डं फाडली असती. मी म्हटलं, कोठडी लागली तर लागू दे, टेबलावर हा माणूस राहिला पाहिजे. हा राहिला तर डाक येत राहील."

मी रिकामा कप बाजूला ठेवला.

"तेवढं एक गणित चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही राहिलात, पण तिनं लिहायचं सोडलं. सोडणारच. पोलीस घरात शिरल्यावर कोण लिहील? सुटल्यावर एकदा चिपळूणला गेलो होतो. घराला कुलूप. शेजारचे म्हणाले, त्या भानगडीनंतर शाळेनं तिला नको म्हटलं, मग वडील वारले, आता भावाकडे असते पुण्याला. त्यांच्याकडे पत्ता होता. मी घेतला नाही. म्हटलं, जिनं आपणहून संपवलं तिच्या मागं कशाला लागायचं. तिला त्रास आपल्यामुळंच झाला."

छपाईचं यंत्र सुरू झालं. मालकानं मुलाखतीची की कसली तरी हँडबिलं लावली होती. यंत्र दहा-बारा कागद टाकून थांबलं. तोपर्यंत मी वाट बघितली.

"तिनं सोडलं नव्हतं," मी म्हणालो. "तीन कार्डं आली होती."

खरमाटे माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही तर नाही म्हणालात. दोनदा विचारलं मी."

"हो."

"कुणी अडवली?"

"मी. गायगोळे द्या म्हणाले होते."

"का?"

"पहिलं नुसत्या भीतीनं रोखलं. दुसऱ्या कार्डात तिनं तिसऱ्या वाटसरूबद्दल लिहिलं होतं. साहेबांच्या हाती पडलं असतं तर पुन्हा चौकशी झाली असती. दोन रोखल्यावर मग तिसरंही रोखलं."

यंत्र पुन्हा सुरू झालं. त्यानं चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. तो मला मारील असं मला वाटलं, आणि त्याचंही मला काही वाटलं नाही.

"कुठं आहेत ती?"

"फाइल नष्ट झाली."

"वाचली होती ना?"

"वाचली होती."

"आठवतात?"

"आठवतात."

त्यानं टेबलाखालून एक पाठकोरा कागद काढला आणि कानाची लाल पेन्सिल माझ्या पुढे ठेवली. "लिहून द्या. जशी होती तशी."

मी लिहायला बसलो. बारा हजार पत्रांतली मला दहाही सांगता येणार नाहीत, पण ही तीन येत होती. पहिलं: 'श्री. खरमाटे, घरी पोलीस येऊन गेले. तुमची सगळी कार्डं नेली. आम्ही बरे आहोत. तुम्ही कसे आहात ते लिहा. या वेळी कूट घालत नाही.' दुसरं: 'अब्बा लिहू नको म्हणतात. शाळेतही बोलावून विचारलं. मी त्यांना सगळी उत्तरं सांगितली, त्यांना पटली नाहीत. तिसरे वाटसरू तिथेच कुठे असतील, तर त्यांनी साहेबांना एकदा समजावून सांगावं. त्यांना सगळं कळतं.' तिसरं: 'दोन कार्डांना उत्तर नाही. माझ्यामुळे तुमच्यावर आलं म्हणून रागावला असाल. तसं असेल तर तसं लिहा, म्हणजे मी थांबेन. उत्तर आलंच नाही तर मी काय समजू?'

मी कागद त्याच्याकडे दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ धरला. आधी शेवटापासून वाचायला गेला, मग थांबला आणि सुरुवातीपासून वाचलं. लाल पेन्सिल घेऊन 'श्री. खरमाटे' खोडलं.

"असं नाही लिहायची ती. 'क्रमांक ११२ यांस' लिहायची."

"असेल. तेवढं विसरलो."

"'थांबेन' नाही. 'थांबते' लिहिलं असणार. कोकणातली आहे." त्यानं दुरुस्त केलं. "'समजावून सांगावं' हे तुमचं आहे. ऑफिसातलं."

"असेल."

तो खाली खाली येत गेला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. ती ओळ त्यानं ओठ हलवत वाचली, दोनदा. पेन्सिल त्यानं खाली ठेवली.

"ही तिची आहे," तो म्हणाला. "ही तशीच आहे."

"मी तिच्या भावाचा पत्ता काढू का?" मी विचारलं. "चिपळूणला जाऊन येतो."

"तुम्ही नका जाऊ." आवाज चढला नव्हता. "मी जाईन. काय समजायचं ते तिला माझ्याकडून कळू दे."

त्यानं कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग माझ्या मुलीची पत्रिका पुन्हा पुढे ओढली आणि राहिलेला मजकूर बघायला लागला. मला ऊठ म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. वराच्या गावाच्या नावात एक अनुस्वार राहिला होता, तो दिला. खाली तारीख टाकून बारीक सही केली आणि मालकाला हाक मारली.

"झालं का काका?"

"झालं. लावा छपाईला."

आठ दिवसांनी पत्रिका न्यायला गेलो तेव्हा खिडकीशी कुणी नव्हतं. काका गावाला गेलेत, मालक म्हणाला, पहिल्यांदाच रजा मागितली. पत्रिका गठ्ठे बांधून तयार होत्या. घरी आणून मी एक उघडली आणि सबंध वाचली. बायको म्हणाली, "बघू, कशा झाल्यात?" मी तिच्या हातात दिली. त्यात एकही चूक नव्हती.